फ्रीकॅड १.० चा रिव्ह्यू, पण फक्त स्केच प्लेनवरून

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट काढायच्या सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू वाचले की बहुतेकांत इंटरफेस कसा दिसतो, रेंडर कसा येतो, फिलेट (कडेची गोलाई) पटकन पडतो का एवढंच असतं. ते सगळं ठीक आहे, पण रोज पार्ट काढणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअर खरं कळतं ते पहिल्याच मिनिटात, "नवीन स्केच" दाबल्यावर ते विचारतं ना की कुठल्या प्लेनवर, म्हणजे कुठल्या सपाट पातळीवर काढू, तिथं. तो प्रश्न ते किती नीट विचारतं आणि तुम्ही दिलेलं उत्तर सहा महिन्यांनी फाइल उघडून एखादं माप बदलल्यावरही किती इमानाने पाळतं, यावर माझं मत ठरतं. म्हणून हा रिव्ह्यू फ्रीकॅडचा असला तरी त्या एकाच गोष्टीचा आहे. असेंब्ली (पार्ट एकमेकांना जोडणं), ड्रॉइंग शीट, एफईएम (पार्टवरच्या ताणाचं गणित) वगैरे यात नाही, ते वेगळे विषय आहेत आणि त्यांना वेगळा वेळ द्यायला हवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रीकॅड मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं, आत भूमितीसाठी ओपनकॅस्केड नावाचा कर्नल, म्हणजे आकारांचं गणित करणारा गाभा आहे. पहिली आवृत्ती २००२ ला आली आणि १.० हा आकडा लागला नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे मधे २२ वर्षं गेली. १.० म्हणण्याआधी दोन मोठी कामं व्हायलाच हवीत असं ठरलं होतं, एक आतलं असेंब्ली वर्कबेंच (एका कामाच्या टूलचा संच) आणि दुसरं ज्याला टोपोलॉजिकल नेमिंगचा प्रॉब्लेम म्हणतात ते. हे दुसरं काम थेट आपल्या विषयातलं आहे, त्यावर पुढे सविस्तर येतोच.

तर प्लेन. नवीन शिकणारे प्लेनला कागद समजतात आणि ते बरोबरच आहे, थेट थ्रीडीत रेघा मारण्याऐवजी आपण एक सपाट कागद हवेत धरतो, त्यावर आकार काढतो आणि मग त्याला जाडी देतो. पण कागद हवेत धरायचा म्हटलं की तीन गोष्टी ठरतात: तो कुठे आहे, त्याचं तोंड कुठे आहे आणि त्याची वरची कड कुठली. बहुतेक जण फक्त पहिल्या गोष्टीचा विचार करतात, आणि उरलेल्या दोन गोष्टी नंतर रडवतात, म्हणजे पॅड (स्केचला जाडी देणं) उलट्या बाजूला जातो, पॉकेट (स्केचच्या आकारात कापणं) हवेत कापत बसतो, आडवं माप उभं लागतं. फ्रीकॅडमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच की या तिन्ही गोष्टी तुम्हाला वेगवेगळ्या दिसतात आणि वेगवेगळ्या बदलता येतात. त्यासाठी थोडं शिकावं लागतं हे खरं.

सुरुवात बॉडीपासून होते. पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये नवीन बॉडी, म्हणजे एका सलग पार्टचा डबा, घेतली की तिच्या आत ओरिजिन असतो आणि त्यात तीन अक्ष आणि तीन प्लेन, एक्स-वाय, एक्स-झेड, वाय-झेड. इथे दुसरीकडून येणाऱ्यांना पहिला झटका बसतो कारण फ्रीकॅडमध्ये झेड वर असतो, एक्स-वाय ही जमीन. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅडमध्ये फ्रंट प्लेन हीच एक्स-वाय असते, त्यामुळे तिकडची सवय घेऊन आलेला माणूस सवयीने एक्स-वायवर समोरचा आकार काढतो आणि मॉडेल पाठीवर झोपलेलं मिळतं. पहिल्या आठवड्यात हे दोनतीनदा होतंच, त्यात सॉफ्टवेअरची चूक नाही, पण लक्षात ठेवा की इथे फ्रंट म्हणजे एक्स-झेड, टॉप म्हणजे एक्स-वाय, राइट म्हणजे वाय-झेड. थ्रीडी प्रिंट काढणाऱ्यांना हे सोयीचंच पडतं कारण स्लायसरमध्येही (प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) झेड वरच असतो, पार्ट तिकडे नेऊन परत उभा करायची भानगड उरत नाही.

अजून एक बारकी गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. एक्स-झेड प्लेनवर स्केच काढून पॅड केलं तर ते वाय अक्षाच्या उणे बाजूला जातं. बघणाऱ्याला वाटतं बिघडलंय, पण नीट विचार केला तर बरोबर आहे, कारण स्केचचा आडवा अक्ष एक्स आणि उभा अक्ष झेड धरला तर उजव्या हाताच्या नियमाने कागदाचं तोंड बघणाऱ्याकडे म्हणजे उणे वायकडेच येतं, आणि पॅड नेहमी तोंडाच्या दिशेने जातो. पॉकेट उलट, तोंडाच्या विरुद्ध, कारण फेसवर स्केच काढलं तर मटेरियल कागदाच्या मागेच असतं ना. हे एकदा डोक्यात बसलं की "रिव्हर्स" चा टिकमार्क लावून बघू, नाही जमलं तर काढून बघू असला अंदाजपंचे कारभार बंद होतो. एकदा हातात एक कागद घेऊन त्यावर दोन अक्ष काढा आणि तो टेबलावर, समोर आणि बाजूला धरून बघा, पाच मिनिटांत कळतं.

आता मुख्य भाग, अटॅचमेंट. फ्रीकॅडमध्ये स्केच "प्लेनवर असतं" असं म्हणण्यापेक्षा ते कशाला तरी "अटॅच केलेलं" असतं असं म्हणावं लागतं, आणि हे अटॅचमेंट नंतर कधीही उघडून बघता येतं, बदलता येतं. स्केच सिलेक्ट करा, खाली प्रॉपर्टीमध्ये मॅप मोड दिसतो, त्याच्या बाजूच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की डायलॉग उघडतो. त्यात चारपर्यंत रेफरन्स देता येतात, फेस (पृष्ठभाग), एज (कड), व्हर्टेक्स (कोपऱ्याचा बिंदू), प्लेन, अक्ष काहीही, आणि दिलेल्या रेफरन्सवरून कुठले मोड शक्य आहेत त्यांची यादी समोर येते. एक सपाट फेस दिला तर प्लेन फेस, तीन बिंदू दिले तर तीन बिंदूंतून जाणारं प्लेन, एज दिली तर त्या एजला काटकोनात उभं राहणारं प्लेन, गोल फेस आणि एक बिंदू दिला तर तिथे टेकणारं टँजंट (स्पर्श करणारं) प्लेन. मोड निवडला की मॉडेलमध्ये स्केच लगेच उडी मारून तिथे बसतं, ओके दाबायच्या आधीच दिसतं. हे मला फार आवडतं, कारण वाचून जे कळत नाही ते बघून कळतं, आणि या डायलॉगमध्ये वाचून न कळणारं बरंच आहे.

कारण नावं. काही मोडची नावं सरळ भूमितीच्या पुस्तकातून उचललेली आहेत, फ्रेने वगैरे, आणि वक्ररेषांचं कॅल्क्युलस शिकलेल्यालाच ती कळतील. कॉलेजमध्ये शिकलो होतो म्हणून मला अंदाज लागला, पण वर्कशॉपमध्ये काम करत कॅड शिकणाऱ्या माणसाने तिथे काय करायचं? मोडच्या नावावर माउस नेला की छोटा खुलासा येतो, तोही बऱ्याचदा तितकाच जड. इथे प्रत्येक मोडला एक छोटंसं चित्र दिलं असतं तर अर्धी अडचण तिथेच संपली असती, आणि ही मागणी मी अगदी मनापासून करतोय कारण एवढं ताकदीचं टूल फक्त नावांपायी लोक उघडत नाहीत हे डोळ्यांसमोर दिसतं.

डायलॉगच्या खालच्या भागात ऑफसेट असतो, एक्स वाय झेडमध्ये सरकवणं आणि तिन्ही अक्षांभोवती फिरवणं. इथे लक्षात ठेवायचं की हे अक्ष जगाचे नाहीत, ज्याला स्केच अटॅच केलंय त्या प्लेनचे आहेत. म्हणजे वाय-झेड प्लेनला अटॅच केलेल्या स्केचला झेडमध्ये २५ दिलं तर ते वर जात नाही, जगाच्या एक्सच्या दिशेने २५ बाजूला सरकतं. नवीन लोक हमखास इथे गोंधळतात. आणि याहून बारीक गोष्ट म्हणजे फिरवणं आणि सरकवणं दोन्ही एकत्र दिलं तर सरकणं मूळ प्लेनच्या अक्षांवर होतं, फिरवलेल्या नाही. ३० अंश तिरकं करून झेडमध्ये ४० दिलं आणि वाटलं की तिरक्या दिशेने ४० पुढे जाईल, तर नाही जात, ते मूळ प्लेनपासून सरळच पुढे जातं आणि तिथे तिरकं होतं.

याचं एक उदाहरण देतो कारण हे कामात खरंच लागतं. एका चौकोनी केसिंगला तिरका नोझल काढायचा होता, वरच्या बाजूने ३५ अंशात बाहेर येणारा, आणि नोझलचं तोंड एका ठरावीक अंतरावर हवं होतं. सरळ मार्ग असा की पहिलं डेटम प्लेन (आपण स्वतः बनवलेलं मदतीचं प्लेन) बेस प्लेनवरून फक्त ३५ अंश फिरवलेलं, त्यात सरकवणं काहीच नाही. मग दुसरं डेटम प्लेन या पहिल्याला अटॅच केलेलं, त्यात फक्त झेडमध्ये अंतर. पहिल्या प्लेनमध्ये कोन, दुसऱ्यात लांबी, दोन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणी. नंतर कोन ३५ चा ४० करायला सांगितला गेला तेव्हा एक आकडा बदलला आणि नोझल, त्याची आतली भोकं, टोकाची रिंग सगळं सोबत वळलं, एकही स्केच उघडावं लागलं नाही. हेच जर मी कोन आणि अंतर एकाच ऑफसेटमध्ये ट्रिगोनॉमेट्री करून भरलं असतं तर प्रत्येक बदलाला कॅल्क्युलेटर काढत बसलो असतो. या असल्या कामात फ्रीकॅड कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीस तोड आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

डेटम प्लेन कधी बनवायचं आणि कधी नाही हा प्रश्न लोक सारखा विचारतात. माझा हिशेब साधा आहे. एकाच स्केचसाठी प्लेन हवं असेल तर वेगळं डेटम प्लेन बनवायची गरजच नाही, स्केच थेट एक्स-वायला अटॅच करून त्याच्या ऑफसेटमध्ये झेड द्या. लॉफ्ट (वेगवेगळ्या उंचीवरचे आकार जोडणं) करून एखादी बाटली काढायचीय, तीन प्रोफाइल लागतात, तर तिन्ही स्केच एक्स-वायलाच, ऑफसेट ०, ६० आणि ११०, संपलं. दोन किंवा जास्त गोष्टी एकाच प्लेनवर अवलंबून असतील तेव्हाच डेटम प्लेन बनवा, आणि बनवलं की त्याला ताबडतोब नाव द्या. डेटमप्लेन००१, ००२, ००३ अशी रांग ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) लागली की दोन दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही कुठलं काय आहे. "नोझल कोन", "नोझल तोंड" अशी नावं देवनागरीत दिली तरी चालतात, मी देतो.

गोल गोष्टींवर भोक पाडताना मात्र लोक उगाच प्लेन बनवत बसतात. ४० व्यासाचा शाफ्ट आहे, त्याला बाजूने आरपार भोक हवंय, तर टँजंट प्लेन वगैरे काही नको. अक्षातून जाणारं बेस प्लेन तिथे आहेच, त्यावर वर्तुळ काढा आणि पॉकेट दोन्ही बाजूंना सिमेट्रिक आरपार करा. शाफ्टचा व्यास उद्या ५० झाला तरी काही बिघडत नाही, कारण स्केचला शाफ्टच्या पृष्ठभागाशी देणंघेणंच नाही. एखादा फ्लॅट (सपाट कापलेली जागा) किंवा वरून ठरावीक खोलीचं भोक हवं असेल तरच प्लेन पृष्ठभागावर न्यायचं, तेही व्यास भागिले दोन असं सूत्र ऑफसेटमध्ये लिहून. सूत्र लिहायला आकड्याच्या रकान्यातल्या छोट्या निळ्या गोलावर क्लिक करायचं असतं, आणि १.० मध्ये व्हॅरसेट नावाची नवी गोष्ट आलीय ज्यात सगळी मापं एका जागी नावासकट ठेवता येतात, आधी यासाठी स्प्रेडशीट लावावी लागायची. प्लेनचा ऑफसेट व्हॅरसेटला जोडला की मॉडेलची सगळी पातळी एका ठिकाणाहून वरखाली करता येते.

स्वीपसाठी, म्हणजे एक आकार मार्गावरून ओढत नेण्यासाठी, एजला काटकोनातलं प्लेन तर अगदी रोजचं आहे. हँडल काढायचं, आधी एका स्केचमध्ये त्याचा मार्ग काढला, मग प्रोफाइलचं स्केच त्या मार्गाच्या एजला आणि टोकाच्या बिंदूला अटॅच केलं, काटकोनात. मार्गाचा आकार बदलला तरी प्रोफाइल आपोआप नव्या टोकाला काटकोनात जाऊन उभं राहतं. बिंदू न देता फक्त एज दिली तर मॅप पाथ पॅरामीटर नावाच्या प्रॉपर्टीत ० ते १ मधला आकडा देऊन ते प्लेन एजवर कुठेही सरकवता येतं, म्हणजे मधोमध एखादी पकड द्यायची असेल तर ०.५. एकच गोष्ट खटकते, या मोडमध्ये स्केचची वरची कड कुठे येईल ते आधी सांगता येत नाही, गोल प्रोफाइलला फरक पडत नाही पण लंबगोल किंवा चौकोनी असेल तर कधीकधी झेडभोवती ९० अंश फिरवून घ्यावं लागतं. सुरुवातीला म्हटलेली तिसरी गोष्ट, वरची कड, ती हीच.

आता टोपोलॉजिकल नेमिंग. हे समजावून सांगायला मी फ्रीकॅडच्या आधीचा एक अनुभव सांगतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरवरचा, त्याचं नाव घेत नाही. एक मोटर ब्रॅकेट होता, बेस प्लेट, उभी भिंत, भिंतीवर बॉस (बाहेर आलेला उंचवटा), बॉसच्या फेसवर भोकांचं स्केच, त्या भोकांच्या एजवरून पुढची स्केचं, अशी एकाच्या खांद्यावर दुसरं अशी रास. सगळं छान चाललं होतं, शेवटच्या दिवशी बेस प्लेटला एक खाच द्यायची ठरली, ती मी ट्रीमध्ये वर जाऊन पहिल्या स्केचमध्ये दिली आणि बाहेर आलो तर भोकांचं स्केच भलत्याच बाजूच्या फेसवर जाऊन बसलेलं, आणि त्याच्या खालचं सगळं लाल, म्हणजे एररमध्ये. पूर्ण दिवस दुरुस्तीत गेला. तेव्हा कळलं नाही का झालं, फक्त राग आला. खरं कारण असं की आतमध्ये फेसना फेस१, फेस२, फेस३ असे क्रमांक असतात, स्केचला फक्त "फेस६ वर बस" एवढंच लक्षात असतं, खाच दिल्यावर नवे फेस आले, क्रमांक बदलले आणि कालचा फेस६ आज दुसराच कुणीतरी झाला. स्केचने आज्ञा पाळली, पण आज्ञेचा अर्थच बदलला होता.

इतिहास जपणारी, म्हणजे प्रत्येक पायरी लक्षात ठेवून माप बदललं की मॉडेल परत बनवणारी सगळी पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर या प्रश्नाला तोंड देतात, १९८८ ला प्रो-इंजिनिअर आलं तेव्हापासून, प्रत्येकाने आपापल्या परीने आत उपाय केलेत. फ्रीकॅडमध्ये १.० च्या आधी हा उपाय मुख्य आवृत्तीत नव्हता आणि ती त्याची सगळ्यात जाहीर कमजोरी होती, त्याचे कार्यकर्तेही ती लपवत नसत. रिअलथंडर या टोपणनावाने काम करणाऱ्या एका डेव्हलपरने स्वतःच्या वेगळ्या शाखेत यावर काम केलं होतं, आणि पुढे ते काम बऱ्याच लोकांनी मिळून मुख्य फ्रीकॅडमध्ये आणलं. आता फेसला नुसता क्रमांक नसतो, तो कुठल्या स्केचच्या कुठल्या रेघेतून आणि कुठल्या फीचरमधून तयार झाला याची वंशावळ सोबत ठेवली जाते, त्यामुळे क्रमांक बदलला तरी मूळ फेस शोधता येतो. मी तोच ब्रॅकेट, तशीच रास रचून, १.० मध्ये मुद्दाम बनवला, त्याच जागी खाच दिली, आणि सगळी स्केचं जागच्या जागी राहिली. खाच रुंद केली, बाजूला नेली, दोन केल्या, तरी राहिली. ते बघताना किती बरं वाटलं हे ज्याने असा दिवस दुरुस्तीत घालवलाय त्यालाच कळेल.

पण म्हणून आता कशावरही काहीही टांगायला मोकळीक मिळाली असं समजू नका. हा प्रॉब्लेम पूर्ण मिटला असा दावा फ्रीकॅडवालेही करत नाहीत, तो कमी केलाय असंच म्हणतात. आणि तो पूर्ण मिटला असता तरी मी स्केच फेसवर टांगायच्या आधी विचार केलाच असता. कारण प्रश्न फक्त सॉफ्टवेअर चुकेल का एवढाच नाही, तुम्हाला नेमकं म्हणायचं काय आहे हा आहे. ब्रॅकेटच्या भोकांची उंची बेसच्या तळापासून मोजायची की भिंतीच्या वरच्या कडेपासून? बेअरिंगची जागा प्लेटच्या जाडीवर अवलंबून असावी की नसावी? फेसवर स्केच टाकलंत म्हणजे तुम्ही म्हणालात की हा फेस हलला की हे पण हलू दे. बेस प्लेनवर टाकलंत म्हणजे म्हणालात की बाकी काहीही होवो, हे इथेच. दोन्ही बरोबर असू शकतं, पण ते ठरवून व्हायला हवं, समोर फेस दिसला म्हणून क्लिक केला असं नको. दुसऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फेसवर क्लिक करणं इतकं सोपं आणि गुळगुळीत असतं की हा विचार करायची वेळच येत नाही. फ्रीकॅडमध्ये अटॅचमेंट डोळ्यांसमोर असतं, नाव घेऊन असतं, आणि म्हणून विचार करायची सवय लागते. मला या सॉफ्टवेअरने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तरीही फेस वापरायचाच असेल तर एक माहिती असू द्या, सपाट फेसवर स्केच टाकलं तरी त्याचा शून्यबिंदू फेसच्या मध्यभागी येत नाही. बॉडीच्या ओरिजिनची त्या फेसवर जिथे सावली पडते तिथे येतो. मला ही पद्धत पटते, कारण पार्ट सुरुवातीलाच ओरिजिनभोवती सिमेट्रिक काढला असेल तर पुढच्या प्रत्येक स्केचमध्ये मध्यरेषा फुकट मिळते, एकही बाहेरची एज ओढून आणावी लागत नाही. पण पहिलं स्केच कोपऱ्यातून सुरू करणाऱ्यांना मात्र शून्यबिंदू कुठेतरी पार्टच्या बाहेर लोंबकळताना दिसतो आणि ते वैतागतात. त्यांनी पहिलं स्केच मध्यावरून काढायची सवय लावावी एवढंच सांगेन.

बाहेरची एज आणायची म्हटलं की फ्रीकॅडचा कमकुवत भाग येतो. एकाच बॉडीतली एज स्केचमध्ये आणणं सोपं आहे, एक्स्टर्नल जॉमेट्रीचं बटण, एजवर क्लिक, ती प्लेनवर प्रोजेक्ट होऊन वेगळ्या रंगात दिसते. पण दुसऱ्या बॉडीतली एज अशी थेट येत नाही, त्यासाठी आधी सब-शेप बाइंडर (दुसऱ्या बॉडीतल्या आकाराची जोडलेली प्रत) बनवावा लागतो आणि मग त्या बाइंडरची एज घ्यावी लागते. डबा आणि झाकण अशा दोन बॉडी असतील, झाकणाचं प्लेन डब्याच्या कडेवर बसवायचंय, तर दर वेळी बाइंडर. यामागचं कारण मला मान्य आहे, बॉडी एकमेकांत गुंतू नयेत म्हणून ही भिंत घातलीय, पण नवीन माणसाला "ही एज दिसतेय पण घेता का येत नाही" याचं उत्तर सॉफ्टवेअरने तिथल्या तिथे द्यायला हवं आणि बाइंडर बनवू का असं स्वतःहून विचारायला हवं.

तसाच एरर मेसेजचा विषय. समजा एखादं डेटम प्लेन तुम्ही अशा फेसला अटॅच करायला गेलात जो त्याच डेटम प्लेनवरच्या स्केचमधून बनलाय, म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी अशी अवस्था, तर फ्रीकॅड नकार देतं, आणि द्यायलाच हवा, कारण मॉडेल म्हणजे एकावर एक अवलंबून असलेल्या पायऱ्या आहेत आणि त्यात गोल फेरा चालत नाही. पण नकार ज्या भाषेत येतो ती डॅग (अवलंबून असलेल्या पायऱ्यांच्या जाळ्याचं नाव) वगैरे प्रोग्रामरांची भाषा आहे. "हे प्लेन ज्यावर बसवताय तो फेस याच प्लेनपासून बनलाय" एवढं साधं वाक्य लिहिलं असतं तर लोक इतके घाबरले नसते.

दोन छोट्या गोष्टी, पटकन सांगतो. डेटम प्लेन स्क्रीनवर चौकोन म्हणून दिसतं, तो मॉडेलनुसार आपोआप लहानमोठा होतो, पण प्लेन गणिताने अमर्याद असतं, त्यामुळे चौकोन तुमच्या पार्टपर्यंत पोचत नाही म्हणून घाबरू नका. आणि स्केच पार्टच्या पोटात असेल तर काढताना समोरचं मटेरियल आड येतं, त्यासाठी स्केचरमध्ये व्ह्यू सेक्शन आहे, दाबलं की प्लेनच्या पुढचं सगळं कापून दाखवतं. हे बटण माहीत नसल्यामुळे आधीचे फीचर लपवत बसणारे लोक मी बरेच बघितलेत.

मॅप मोड डिॲक्टिव्हेटेड ठेवायचा पर्यायही आहे, म्हणजे स्केच कशालाच बांधलेलं नाही, हाताने दिलेल्या जागेवर हवेत. काही जण सगळ्या कटकटीवर हाच उपाय सांगतात. मला तो बिलकुल पटत नाही. तुटत नाही हे खरं, पण काही बदललं तर ते सोबत येतही नाही, आणि मग पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर वापरायचं कशाला. बाहेरून आलेल्या स्टेप फाइलवर (दुसऱ्या कॅडमधून आलेलं तयार मॉडेल) काहीतरी पटकन मोजायचं असेल तेव्हा ठीक.

कुणाला घ्या म्हणेन? ज्याला मशिनिंगचे किंवा प्रिंटचे पार्ट नीट मापात काढायचेत, पुढे बदलायचेत, फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायचीय, त्याने नक्की. जुन्या आवृत्तीत हात पोळून सोडून गेलेल्यांनी तर १.० एकदा उघडून बघाच, प्लेनच्या बाबतीत ते आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. ज्याला फक्त आज संध्याकाळपर्यंत एक आकार काढून मोकळं व्हायचंय त्याला अटॅचमेंटचा डायलॉग जड जाईल, हेही प्रामाणिकपणे सांगतो. स्केच प्लेनपुरते माझे पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क मोडच्या नावांसाठी आणि बाइंडरसाठी कापला.

सुरुवात करणार असाल तर एवढं करून बघा. एक साधा ठोकळा काढा, तळ एक्स-वायवर आणि स्केच ओरिजिनभोवती सिमेट्रिक. त्यावर एक भोक फेसला अटॅच करून आणि दुसरं भोक बेस प्लेनला अटॅच करून, दुसऱ्याच्या ऑफसेटमध्ये ठोकळ्याची सध्याची उंची आकड्यात लिहून, दोन्ही पॉकेट समान खोलीचे. मग ठोकळ्याची उंची बदला, आधी वाढवा आणि मग कमी करा, आणि दर वेळी भोकं उभी कापून बघा, कुठलं सोबत आलं, कुठलं जागेवर राहिलं, कुठलं मटेरियलच्या आत अडकलं, कुठलं हवेत गेलं. मग दुसऱ्याच्या ऑफसेटमधला आकडा खोडून तिथे उंचीचं सूत्र लिहा आणि परत बदला. पंधरा मिनिटं लागतील.